उपग्रहाचा फोटो हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे



दावा का फेटाळला असं विचारलं की हल्ली एक ठरीव उत्तर मिळतं. "उपग्रहाच्या फोटोत लागवड दिसत नाही." एवढं ऐकलं की आपल्या माणसाचं तोंड बंद होतं. तलाठ्याशी भांडता येतं, फॉरेस्टच्या गार्डाशी भांडता येतं, पण आभाळात फिरणाऱ्या यंत्राशी भांडायचं कसं? त्या यंत्राला ना आपली जात ठाऊक, ना त्याला कुणी चहापाणी दिलेलं. ते कशाला खोटं बोलंल? असं आपल्याच बाया-माणसांना वाटतं. मग लोक कागद पिशवीत घालून मुकाट घरी येतात आणि ज्या रानात आजा राबला ते रान सोडायच्या गोष्टी वस्तीत सुरू होतात.

आमचं म्हणणं सरळ आहे. फोटो खोटा नसतो. पण फोटोत काय दिसतं आणि काय दिसूच शकत नाही, हे ज्याला माहीत नाही त्याला फोटो दाखवून काहीही पटवता येतं. म्हणून हा विषय साहेबांवर आणि इंजिनिअरवर सोडून चालणार नाही. तो वस्तीवर, ग्रामसभेत बोलला पाहिजे. आमच्यातली काही पोरं बारावीपर्यंत शिकली, भूगोलाच्या पुस्तकात उपग्रह वाचला. त्याच्या पुढचं विचारून, वाचून जे कळलं ते इथं मांडतो.

फोटो निघतो कसा

टीव्हीवर पावसाच्या बातम्यांत ढगांचं जे चित्र दाखवतात ते हवामानाच्या उपग्रहाचं. आपल्या देशाचा इन्सॅट-३डी हा तसला उपग्रह २०१३ साली वर गेला. तो ३६ हजार किलोमीटरवर एका जागी थांबल्यासारखा असतो आणि सारा देश एका नजरेत बघतो. ढग कुठून कुठं चाललेत, समुद्रात वादळ उठलंय का, हवेत ओल किती आहे, हे त्याला चांगलं कळतं. पण त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर एक किलोमीटरचा, काही चित्रांत चार किलोमीटरचा असतो. त्याला तुमचं गाव दिसत नाही, तर रान कुठलं दिसणार.

जमीन बघणारे उपग्रह वेगळे. ते सहाशे ते नऊशे किलोमीटरवरून पृथ्वीला घिरट्या घालतात आणि पट्ट्या-पट्ट्यानं फोटो काढत जातात. भारताचा असा पहिला कामाचा उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ ला गेला. पुढं आयआरएस-१सी १९९५ साली, रिसोर्ससॅट-१ हा २००३ साली आणि कार्टोसॅट-१ हा ५ मे २००५ ला गेला. हे बहुतेक सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात आणि त्याच जागेवर परत यायला कॅमेऱ्याप्रमाणे काही दिवस ते तीन-साडेतीन आठवडे घेतात. म्हणजे उपग्रह आपल्यावर रात्रंदिवस डोळा ठेवून असतो हा गैरसमज आहे. तो येतो, एक क्षण बघतो आणि जातो.

तो बघतो ते सूर्याच्या उजेडात. हिरवं पान लाल उजेड पिऊन घेतं आणि डोळ्याला न दिसणारा एक उजेड, ज्याला अवरक्त म्हणतात, तो जोरात परत फेकतं. उपग्रह हे मोजतो. त्यावरून कुठं हिरवळ दाट आणि कुठं विरळ, हे काढतात. कार्यालयात जो रंगीत नकाशा दाखवतात त्यात हिरवळ पुष्कळदा लाल रंगात छापलेली असते. लाल म्हणजे आग नव्हे, लाल म्हणजे झाड किंवा पीक. कुणी नकाशा पुढं टाकला तर घाबरू नका. आधी विचारा, कुठला रंग कशाचा?

आपलं रान किती चौकोनांचं

उपग्रहाचा फोटो छोट्या छोट्या चौकोनांचा बनतो. एका चौकोनाला एकच रंग. चौकोनाच्या आत अर्धी बाजरी आणि अर्धी बोरी-बाभळी असल्या तरी दोन्ही मिसळून एकच आकडा येतो. म्हणून चौकोन किती मोठा, हा पहिला प्रश्न.

आता हिशोब मांडू. तुमचं रान दोन एकर, म्हणजे ८० गुंठे धरा.

१९८८ च्या आयआरएस-१ए वर दोन प्रकारचे कॅमेरे होते. एकाचा चौकोन साडेबहात्तर मीटरचा, म्हणजे ५२ गुंठ्यांचा. त्यात तुमचं रान दीड चौकोनाचं. दुसऱ्याचा चौकोन सव्वाछत्तीस मीटरचा, म्हणजे १३ गुंठ्यांचा. त्यात तुमचं रान सहा चौकोनांचं.

त्यानंतरचा लिस-३ नावाचा कॅमेरा, ज्यावरून देशाच्या जंगलाची मोजणी होत आली, त्याचा चौकोन साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. त्यात दोन एकर म्हणजे पंधरा-सोळा चौकोन. रान चौरस असलं तर चार रांगा आणि रांगेत चार चौकोन. त्यातले बारा कडेचे. कडेच्या चौकोनात बांध येतो, शेजारचा नाला येतो, फॉरेस्टची झुडपं येतात. निव्वळ तुमच्या पिकाचे आतले चौकोन चार. त्या चार चौकोनांवर आपल्या तीन पिढ्यांचा निकाल लावायचा का?

रिसोर्ससॅट-१ वर लिस-४ हा बारीक कॅमेरा होता, पावणेसहा मीटरच्या आसपास चौकोन. त्यात एका गुंठ्याचे तीन चौकोन होतात. कार्टोसॅट-१ चा चौकोन अडीच मीटरचा, पण त्याचा फोटो काळा-पांढरा. त्यात बांध दिसतो, वाट दिसते, पण हिरवं काय आणि वाळलेलं काय हे रंगावरून सांगता येत नाही. आजकालच्या काही उपग्रहांचा चौकोन दहा मीटरचा, म्हणजे बरोबर एका गुंठ्याचा असतो. तो चांगला आहे, पण आज काढलेल्या फोटोवरून २००५ साली रानात काय होतं ते कसं कळणार?

यात आणखी एक गोम आहे. तुमच्या रानाची हद्द त्या फोटोवर कुणीतरी बसवतं. मोबाईलच्या किंवा जीपीएसच्या मापात काही मीटरचा फरक पडतोच. दोन एकराच्या रानाची एक बाजू नव्वद मीटरच्या आसपास भरते. हद्द दहा मीटर सरकली की रानाचा नववा हिस्सा शेजारच्या झुडपात जातो आणि तिथलं झुडूप तुमच्या नावावर येतं. म्हणून हद्द बसवताना रानाचा धनी आणि वनहक्क समिती जागेवर हजर पाहिजे.

डिसेंबरात आपण कुठं असतो

आता मुद्द्याचं. वनहक्क कायद्यात तारीख आहे १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी हे विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, म्हणून ती तारीख. त्या तारखेला किंवा त्याआधी जमीन कसत होतात का, हे बघायचं असतं. म्हणून साहेबलोक डिसेंबरच्या आसपासचा फोटो काढून बसतात.

पण डिसेंबरात आपलं रान कसं असतं हे बालाघाटाच्या माणसाला सांगायला नको. आपली जमीन हलकी, मुरमाड, डोंगराच्या अंगावरची. पाणी नाही. पावसाळ्यात बाजरी, मूग, उडीद, मटकी, हुलगा पेरायचा आणि दसरा-दिवाळीपर्यंत काढून न्यायचा. खाली काळ्या रानात ज्वारी हिरवी असते, पण वर आपल्याकडं डिसेंबरात धसकटं, वाळलेलं गवत आणि गोटे. एखाद्या पट्ट्यात तूर असली तर असली. उपग्रहाला ते रान आणि शेजारचा उघडा माळ जवळजवळ सारखाच दिसणार. त्यात आदल्या सालांत दुष्काळ पडला असला आणि रान पेरलंच गेलं नसलं, तर फोटोवरून काय कळणार?

मग पीक उभं असताना फोटो का काढत नाहीत? कारण तेव्हा ढग असतात. उजेडावर चालणाऱ्या उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही. जून ते सप्टेंबर आपलं रान हिरवं असतं आणि तेव्हाच वर आभाळ भरलेलं असतं. ढगातून बघणारा रडारचा उपग्रहही असतो, पण भारताचा रिसॅट-१ गेला तो २०१२ साली. म्हणजे स्वच्छ फोटो मिळतो तेव्हा पावसाळी पीक निघून गेलेलं असतं. विहीर-बागायत असलेल्याचं रान फोटोत बारा महिने हिरवं दिसतं आणि कोरडवाहू गरिबाचं रान पडीक दिसतं. हा उपग्रहाचा कावा नाही. पण त्या फोटोवरून जो माणूस "लागवड नाही" असं लिहितो, त्याला आपली शेती कळलेली नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. डिसेंबरात आपल्यातली निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. मुकादमाची उचल फिटायची असते. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. पट्टा पडला की मगच परत. वस्तीवर म्हातारी माणसं आणि दाराला काटी. पालं आणि पाचटाची खोपटं तर वरून दिसतच नाहीत. दिसली तरी कुणाची ते फोटो सांगत नाही.

आपल्या पारधी भावांचं तर आणखीच अवघड. १८७१ च्या कायद्यापासून ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला त्यात पारधीही आले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण पोलिसाच्या आणि गावाच्या डोक्यातनं शिक्का गेला नाही. ज्याला एका जागी टिकू दिलं नाही, ज्याचं पाल पेटवून दिलं, त्याच्याकडं २००५ पूर्वीची घरपट्टीची पावती मागायची आणि ती नाही म्हणाला की फोटो दाखवायचा. कायदा करणाऱ्यांना हे थोडंफार माहीत असावं. म्हणून नियमात असं लिहिलंय की भटक्या आणि पशुपालक जमातींच्या दाव्यांची पडताळणी ती माणसं किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील तेव्हाच करायची. जिथं माणूस हजर पाहिजे असं नियम सांगतो, तिथं माणूस गावी नसताना काढलेला फोटो एकटा कसा पुरेल?

झाडं दिसली म्हणजे वन, आणि नाही दिसली तर?

दर दोन वर्षांनी देशात जंगल किती याचा अहवाल निघतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था तो काढते, पहिला अहवाल १९८७ चा. तो उपग्रहावरून बनतो. त्यात 'वनाच्छादन' म्हणजे काय? एक हेक्टर, म्हणजे अडीच एकराहून मोठा तुकडा, ज्यावर दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा झाडांच्या सावलीनं झाकलेली आहे. जमीन कुणाची आहे, कागदावर काय लिहिलंय, हे बघत नाहीत. म्हणजे एखाद्या बागायतदाराची आंब्याची किंवा सीताफळाची मोठी बाग त्या हिशोबात वनाच्छादनात धरली जाऊ शकते. आणि आपल्याकडचा फॉरेस्टचा उघडा माळ, जिथं दगड आणि कुसळं आहेत, तो त्या हिशोबात वनाच्छादन नाही. कागदावर मात्र तो वनच.

हे ध्यानात ठेवा. फोटोतलं झाड आणि कागदावरचं वन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेव्हा आपल्याला हाकलायचं असतं तेव्हा कागद काढतात. जेव्हा आपला दावा नाकारायचा असतो तेव्हा फोटो काढतात. दोन्ही एकाच वेळी टेबलावर ठेवा, अशी आपली मागणी पाहिजे.

वणव्याचंही असंच. २००४ पासून उपग्रहावरून आग ओळखून फॉरेस्टला कळवायची सोय झाली. चांगली सोय आहे, डोंगर जळतो तेव्हा आपलंही गवत, मोहोळ, सीताफळ जळतं. पण त्या वेळच्या उपग्रहाचा आगीचा चौकोन एक किलोमीटरचा, म्हणजे अडीचशे एकरांचा. अडीचशे एकरांत कुठंतरी आग आहे एवढंच तो सांगतो. काडी कुणी लावली ते सांगत नाही. तरी पहिला संशय जवळच्या वस्तीवर येतो.

दुष्काळाला एक न्याय, जमिनीला दुसरा

सरकार स्वतः उपग्रहावर किती भरवसा ठेवतं ते बघा. २०१६ च्या दुष्काळ संहितेप्रमाणे दुष्काळ ठरवताना पाऊस किती पडला ते बघतात, मग उपग्रहावरून पिकाची हिरवळ आणि जमिनीतली ओल बघतात. पण एवढ्यावर दुष्काळ जाहीर होत नाही. निवडलेल्या गावांत माणसं जातात, शेतात उभं राहून पीक बघतात. त्याला सत्यमापन म्हणतात. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आपल्या बीड जिल्ह्यातले तालुके होते. तेव्हाही हाच रस्ता होता.

म्हणजे सरकारला मदतीचे पैसे द्यायचे असतात तेव्हा उपग्रहाचं म्हणणं शेतात जाऊन तपासून घेतात. मग आपली जमीन घ्यायची असते तेव्हा शेतात यायला पाय का दुखतात? शास्त्र एकच आहे. उपग्रहाचा फोटो वाचणारे शास्त्रज्ञसुद्धा हेच सांगतात की जमिनीवर जाऊन पडताळल्याशिवाय फोटोचा अर्थ पक्का होत नाही. आपण शास्त्राच्या विरोधात नाही. शास्त्र अर्धं वापरण्याच्या विरोधात आहोत.

कायदा काय सांगतो

पहिलं, वनहक्क कायदा फक्त नंदुरबार-गडचिरोलीचा नाही. बीड अनुसूचित क्षेत्रात नाही, पण हा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाहीच. जिथं वनजमीन आहे आणि तिच्यावर जगणारे लोक आहेत, तिथं तो लागू आहे. "इथं हा कायदा नाही" असं कुणी म्हणालं तर ते लिहून मागा.

दुसरं, नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी कागद, नकाशे, उपग्रहाचे फोटो आहेत. पण त्याच यादीत रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती आहे. घातलेले बांध-ताली आहेत. जुनी विहीर, मसणवटा, देवाचं ठाणं आहे. वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब आहे. यातले एकाहून जास्त पुरावे बघायचे, असं नियम म्हणतो. फॉरेस्टनं पूर्वी केलेल्या दंडाची पावती किंवा कोर्टातली केस कुणाकडं असंल तर ती जपून ठेवा. ज्या पावतीची लाज वाटत होती ती आता तुमच्या बाजूची साक्षीदार आहे.

तिसरं, २०१२ साली नियम सुधारले. त्यात स्पष्ट आलं की उपग्रहाचे फोटो आणि असलं तंत्रज्ञान हे दुसऱ्या पुराव्यांना जोड म्हणून वापरता येईल, त्यांची जागा घेणारं म्हणून नाही. दावा नाकारायचा तर कारणं सविस्तर लिहून द्यायची आणि दावेदाराला कळवायचं. उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडं जाता येतं.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. शेजारच्या गुजरातेत उपग्रहाच्या फोटोवरून हजारो दावे नाकारले गेले होते. लोक कोर्टात गेले. मे २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं ते दावे पुन्हा तपासायला लावले आणि एकट्या फोटोवर विसंबून दावा फेटाळता येणार नाही हे मान्य केलं. नर्मदा जिल्ह्यातल्या डेडियापाडा-सागबारा भागात, म्हणजे आपल्या नंदुरबारच्या हद्दीला लागून, ग्रामसभांनी स्वतः जीपीएस हातात घेऊन रानं मोजली आणि ती मापं फोटोवर बसवून दाखवली. ज्या फोटोनं दावे बुडाले होते त्याच फोटोवर त्यांनी आपले बांध दाखवले.

आणि हे आता का सांगतोय? १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं नाकारलेल्या दाव्यांच्या लोकांना काढायचा आदेश दिला होता. त्याच आदेशात वन सर्वेक्षण संस्थेनं उपग्रहावरून अतिक्रमणाची पाहणी करावी असंही म्हटलं होतं. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि दावे नाकारताना रीत पाळली का हे राज्यांना विचारलं गेलं. म्हणजे उद्या पुन्हा प्रश्न हाच येणार की दावा नाकारताना कोण रानात आलं होतं. आपल्याकडं त्याचं उत्तर लेखी पाहिजे.

गायरान कसणाऱ्यांनाही हे लागू पडतं, कायदा वेगळा असला तरी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या सरकारी निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं धरलेली आहेत. त्या साली आपल्या देशाचा वर असलेला उपग्रह म्हणजे आयआरएस-१ए. वरचा हिशोब आठवा, त्यात दोन एकर म्हणजे फार तर सहा चौकोन. असल्या फोटोवरून कुणी "१९९० ला इथं पीक नव्हतं" असं म्हणत असंल तर त्याला चौकोन मोजायला लावा.

फोटो आपल्यालाही वापरता येतो

फोटोला शत्रू समजू नका. तो आपलाही साक्षीदार होऊ शकतो. कार्टोसॅट-१ आणि लिस-४ हे दोन्ही २००५ च्या डिसेंबरआधी वर होते. त्यांच्या फोटोत बांधाच्या सरळ रेघा, शेताचे तुकडे, जुनी वाट दिसली तर तो आपल्याला जड पुरावा आहे. अमेरिकेच्या लँडसॅटचे जुने फोटो २००८ पासून फुकट खुले आहेत, चौकोन तीस मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा. मोठ्या रानाला आणि सामूहिक दाव्याला त्यांचा उपयोग होतो. इस्रोचं 'भुवन' २००९ पासून आहे. कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींनी हे शिकून घ्यावं.

एका फोटोवर मात्र थांबू नका. एकाच्या ऐवजी तीन-चार सालांचे, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचे, ढग निघून जाताना पण रान अजून ओलं असताना काढलेले फोटो मागा. एका डिसेंबरात रान मोकळं दिसलं तरी चार ऑक्टोबरांत हिरवं दिसलं तर ते काय पडीक रान असतं?

प्रत्येक वस्तीनं करायची कामं

१. ज्यांचे दावे फोटोच्या कारणावरून नाकारले त्यांची यादी करा. नाकारल्याचं पत्र मिळालंय का, कोणत्या तारखेला, हे लिहा. पत्रच नसंल तर आधी ते लेखी मागा.

२. ज्या फोटोवरून नाकारलं त्याची प्रत मागा आणि पाच प्रश्न लेखी विचारा. फोटो कोणत्या तारखेचा? कोणत्या उपग्रहाचा आणि कॅमेऱ्याचा? चौकोन किती मीटरचा? रानाची हद्द फोटोवर कुणी, कशावरून बसवली? आणि फोटो वाचणारा माणूस जागेवर कोणत्या दिवशी आला होता?

३. वनहक्क समितीनं शिवारफेरी काढावी. फॉरेस्ट आणि महसूलच्या लोकांना आधी लेखी कळवावं. आले तर त्यांची सही घ्यावी. नाही आले तर तसं नोंदवावं. दुसऱ्यांदाही नाही आले तर ग्रामसभेचा निर्णय शेवटचा धरायचा, असं नियमात आहे.

४. शिवारफेरी ऊसतोडीला जायच्या आधी, पीक रानात असताना करा. बांध, ताली, विहीर, ठाणं, मसणवटा यांची नोंद करा. जमलं तर मोबाईलवर जागेचे आकडे घ्या.

५. म्हाताऱ्यांचे जबाब आताच लिहून घ्या. ज्या आजीनं तो माळ फोडताना गोटे वेचले, तिला कोणत्या साली कोणती ताल घातली हे कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती गेली की तो पुरावा गेला.

६. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही रानातून काढता येत नाही, हे कायद्याचं कलम ४(५) आहे. हा आकडा वस्तीतल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे.

येत्या ग्रामसभेत एक ठराव सगळीकडं घ्यावा, असं आम्ही सुचवतो. ठराव असा: "आमच्या गावातला कोणताही दावा उपग्रहाच्या फोटोवर एकट्यानं नाकारू नये. ज्या दाव्यांत तसं झालंय ते ग्रामसभेकडं फेरतपासणीला पाठवावेत. फोटो बघायचाच असंल तर तो ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, रानाच्या धन्याच्या हजेरीत बघावा." ठरावाची एक प्रत उपविभागीय समितीला द्यावी, पोच घ्यावी आणि एक प्रत संघटनेकडं पाठवावी.

दसऱ्याला टोळ्या निघायच्या आत हे झालं पाहिजे. पुढचे पाच-सहा महिने वस्ती रिकामी असते, आणि नोटिसा नेमक्या तेव्हाच येतात.

जिंदाबाद!